प्रकल्प नोंदी: डॉक लावून बूट केलं की कर्नल कोसळतो

मंगळवार, १८ जून २०२४

सकाळी टेस्टिंगकडून निरोप आला. लिनक्सच्या नव्या ६.९ कर्नलवर (कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) लॅपटॉप डॉकला (एकाच केबलने पडदा, कीबोर्ड, नेटवर्क जोडून देणारा डबा) जोडलेला ठेवून चालू केला, तर कधीकधी लॉगिनचा पडदा यायच्या आतच मशीन थिजतं. डॉक काढून चालू केलं तर काही होत नाही. आधी चालू करून मग डॉक लावला तरीही काही होत नाही. ६.८ वर हा प्रकार कुणालाच दिसलेला नाही.

डॉक थंडरबोल्ट ३ (एक वेगवान केबल-जोडणी) जातीचा आहे. त्याच्या आत एक छोटा मायक्रोकंट्रोलर आहे, तो डॉकचं तापमान आणि किती वॅट खेचले जातायत ते सांगतो. त्याच्याशी बोलणारा ड्रायव्हर आमचा, तीन वर्षांपूर्वी मी आणि एका सहकाऱ्याने लिहिलेला. तो मुख्य कर्नलमध्ये नाही, आम्ही वेगळा बांधून देतो.

दुपारभर बसून ९० वेळा बूट केलं. १० वेळा पडलं. म्हणजे साधारण नवातून एकदा. बंद करून चालू केलं काय आणि नुसतं रीबूट केलं काय, प्रमाण तेच राहतं. हे बरं झालं, रात्रभर आपोआप रीबूट करत ठेवता येईल.

बुधवार, १९ जून

आजचा दिवस फक्त लॉग मिळवण्यात गेला. लॅपटॉपला सिरियल पोर्ट नाही. नेटकन्सोल (कर्नलचा लॉग नेटवर्कवरून दुसऱ्या मशीनला पाठवणारी सोय) लावावं तर या मशीनला वायरचं नेटवर्क फक्त डॉकमधूनच मिळतं, आणि वायफायवर नेटकन्सोल चालत नाही. केडम्पची (कर्नल कोसळल्यावर मेमरीची प्रत ठेवणारी) व्यवस्था उभी राहायच्या आतच खेळ संपलेला असतो.

शेवटी ईएफआय पीस्टोअर कामाला आलं. मरताना कर्नल आपला लॉग तुकड्यातुकड्यांनी यूईएफआयच्या (मशीनच्या फर्मवेअरच्या) व्हेरिएबल्समध्ये ठेवून जातो, पुढच्या बूटला तो वाचता येतो. 'पॅनिक ऑन ऊप्स' (कर्नलमध्ये गंभीर चूक झाली की पुढे न जाता तिथेच थांबायचं) चालू केलं आणि दहा सेकंदांनी आपोआप रीबूट व्हावं अशी सोय केली. वाचून झालेले तुकडे लगेच पुसायचे, ती जागा फार थोडी असते.

दुसरी खबरदारी: कर्नलची मेमरी बिघडलेली असताना डिस्कवर काय लिहिलं जाईल त्याचा नेम नाही. टेस्टच्या मशीनवर रूट पार्टिशन फक्त वाचण्यापुरतं माउंट केलंय. नोंदी पेनड्राइव्हवर जातात, तो डॉकला नाही तर लॅपटॉपलाच लावलेला आहे.

गुरुवार, २० जून

रात्रीत सात लॉग हाती आले आणि सातही निरनिराळ्या ठिकाणी मेलेले. दोन टायमरच्या कोडमध्ये, तेही सीपीयू रिकामा बसलेला असताना. एक फाइलसिस्टिममध्ये. एक साउंड कार्डाचा ड्रायव्हर चढत असताना. एक तर अगदी साध्या केमॅलॉकमध्ये, जिथे कुणीतरी फक्त थोडी जागा मागत होतं. उरलेल्या दोनांचा धागा मला अजून लागलेला नाही.

अशा वेळी पहिला संशय रॅमवर. रॅमच्या पट्ट्या बदलल्या, दुसरं मशीन घेतलं, मेमटेस्ट लावून ठेवला. दुसऱ्या मशीनवरही पडतंय. तेव्हा रॅम नाही.

जो मरतो तो गुन्हेगार नाही, त्याच्या घरात कुणीतरी आधीच घाण करून गेलेलं आहे. हे वहीत मोठ्या अक्षरात लिहून ठेवलं, कारण साउंडच्या लॉगमध्ये साउंड ड्रायव्हरचं नाव ठळक दिसत होतं आणि दोघेजण तिकडे धावायला निघाले होते.

सोमवार, २४ जून

गिट बायसेक्ट (दोन आवृत्त्यांमधला नेमका बदल निम्मे-निम्मे करत शोधणं) सुरू केलं. ६.८ चांगला, ६.९ वाईट. मधे चौदा हजारांहून जास्त बदल आहेत, दर फेरीला निम्मे कमी होत जातात, म्हणजे चौदाएक फेऱ्या.

अडचण अशी की बग दर वेळी दिसत नाही. एकदा पडलं की कर्नल वाईट हे पक्कं. पण नाही पडलं म्हणून चांगला म्हणायचा तरी कधी? नवातून एकदा पडणारं मशीन ओळीने ४० वेळा नीट बूट होण्याची शक्यता आठ नवमांशाचा चाळिसावा घात, म्हणजे एक टक्क्याच्या थोडी खाली. म्हणून ठरवलं, ४० सलग बूट झाल्याशिवाय कुठल्याही कर्नलला 'गुड' म्हणायचं नाही. एका बूटला सत्तर सेकंद धरले तर चांगल्या कर्नलला पाऊण तास लागतो, शिवाय बांधायचा वेळ वेगळा. पण इथे घाईने एकदा चुकीचं 'गुड' दिलं की पुढच्या सगळ्या फेऱ्या वाया जातात, आणि त्या वाया गेल्यात हे कळतसुद्धा नाही.

बुधवार, २६ जून

बायसेक्ट संपलं. बोट ठेवलं गेलं थंडरबोल्टच्या एका बदलावर: बूट फर्मवेअरने (लिनक्सच्या आधी चालणाऱ्या, मशीनमधल्याच सॉफ्टवेअरने) आधीच उभारलेली टोपॉलॉजी (जोडण्यांची मांडणी) ड्रायव्हरने रीसेट करावी, असा तो बदल.

याची पार्श्वभूमी इथे लिहून ठेवते, पुढे जो हे वाचेल त्याला लागेल. मशीन चालू होतं तेव्हा फर्मवेअर डॉककडे स्वतःच बोगदे (थंडरबोल्टच्या केबलमधून डेटा नेणाऱ्या वाटा) टाकून ठेवतं, म्हणजे त्याचा कीबोर्ड, पडदा वगैरे लिनक्स यायच्या आधीही चालावा. आमच्या डॉकच्या आत स्वतःचा यूएसबी कंट्रोलर आहे, तो लॅपटॉपला पीसीआय एक्स्प्रेसच्या बोगद्यातून दिसतो, आणि आमचा मायक्रोकंट्रोलर त्या कंट्रोलरच्या खाली टांगलेला आहे. ६.८ पर्यंत लिनक्स हे फर्मवेअरचे बोगदे आहेत तसे स्वीकारत असे. ६.९ मध्ये ते सगळे पाडून नव्याने बांधतो, कारण फर्मवेअरने बांधलेलं आपल्या कामाचं असेलच याची खात्री देता येत नाही. मला हा विचार पटतो.

कर्नलला बूटच्या वेळी 'थंडरबोल्ट होस्ट रीसेट शून्य' असा पॅरामीटर दिला तर जुनी वागणूक परत येते. दिला. सलग १०० बूट, एकदाही पडलं नाही.

संध्याकाळच्या मीटिंगमध्ये प्रस्ताव आला की हाच पॅरामीटर घालून पाठवून देऊ, आणि थंडरबोल्टवाल्यांना रिग्रेशन (आधी चालणारं नव्या बदलाने बिघडलं) म्हणून कळवू. मी विरोध केला. त्या बदलात मेमरीला हात लावणारं काही नाही, मी ओळ न ओळ वाचली आहे. डॉक जाणं आणि परत येणं एवढंच त्याने होतं, आणि डॉक जाणं ही रोजची गोष्ट आहे, माणसं ऑफिसातून निघताना तो उपटूनच जातात. त्यात मेमरी बिघडत असेल तर ती आजही कुणाच्या तरी टेबलावर बिघडत असेल. बायसेक्टने बग कधी उघडा पडला ते सांगितलं, कुठे आहे ते सांगितलेलं नाही. शुक्रवारपर्यंत वेळ मिळाला.

गुरुवार, २७ जून

आजचा धागा आमच्या लॅबच्या काकांनी दिला. ते डॉकच्या समोरच्या टेबलावर बसतात, रात्रीच्या रीबूटांवर त्यांचीच नजर असते. चहा घेताना म्हणाले, "ताई, एक विचारू का? हा दिवा चालू होताना दोनदा लागतो. मधेच विझतो. जुन्या मशीनवर असं नव्हतं."

खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी बसले. डॉकच्या पुढच्या अंगाला भाताच्या दाण्याएवढा पांढरा दिवा आहे, मायक्रोकंट्रोलरची यूएसबीवर ओळख पटली की तो लागतो. बटण दाबलं. पडद्यावर कंपनीचं चिन्ह असतानाच दिवा लागला. लिनक्सच्या ओळी धावू लागल्या, दोनेक सेकंद गेले, दिवा विझला. मग पुन्हा लागला, या वेळी कायमचा. फोनवर स्लो मोशनमध्ये टिपून घेतलं. डॉक नंतर लावला तर दिवा एकदाच लागतो.

म्हणजे दर बूटला आमचा ड्रायव्हर एकदा जन्मतो, दोन सेकंदांत मरतो आणि पुन्हा जन्मतो. हे लॉगमध्येही होतं. 'यूएसबी डिस्कनेक्ट' ही ओळ मी आठ दिवस बघत होते, पण डॉक म्हटल्यावर ती असणारच म्हणून पुढे जात होते. काकांनी 'जुन्या मशीनवर असं नव्हतं' म्हटलं नसतं तर आणखी किती दिवस गेले असते सांगता येत नाही.

शुक्रवार, २८ जून

स्लबचं (कर्नलची मेमरी वाटून देणाऱ्या भागाचं) डीबगिंग चालू केलं, चारही खुणांसह: तपासणी, रेडझोन (जागेच्या कडेची राखीव पट्टी), विष आणि मालकाची नोंद. विष म्हणजे मोकळी केलेली प्रत्येक जागा कर्नल ६बी या बाइटने भरून टाकतो. मोकळ्या जागेत कुणी लिहिलं तर ६बीची ती अखंड ओळ तुटते, आणि मोकळ्या जागेतून कुणी पॉइंटर उचलला तर त्याच्या हातात ६बी६बी६बी६बी असा, कुठेच न पोचणारा पत्ता येतो.

अकराव्या बूटला मिळालं: 'केमॅलॉक २५६, पॉइझन ओव्हररिटन'. रांगच्या रांग ६बी, आणि मधेच चार बाइट वेगळे. खाली मालकाची नोंद: जागा मागितली आमच्या प्रोबने (उपकरण आलं की चालणारं फंक्शन), मोकळी केली आमच्या डिस्कनेक्टने (उपकरण गेलं की चालणारं).

आमचीच जागा आहे. सगळ्यांना लगेच कळवलं, पॅरामीटरचा विषय तिथेच थांबला.

पण एवढ्याने घर कुणाचं होतं ते कळलं, शिरला कोण ते कळायचं आहे. त्यासाठी केसॅन लागेल. ते कर्नलच्या मेमरीतल्या दर आठ बाइटांमागे एका बाइटचा हिशोब ठेवतं आणि प्रत्येक वाचण्या-लिहिण्याआधी तो तपासतं. १६ जीबीच्या मशीनवर दोन जीबी त्यातच जातात. केसॅनचा कर्नल रात्रीसाठी बांधायला लावून आले.

सोमवार, १ जुलै

केसॅन लावून ६० बूट, आणि काहीच नाही. केसॅनने सगळंच संथ होतं, कोण आधी पोचतो आणि कोण नंतर ते बदलतं, आणि शर्यतीचा बग त्या बदलात लपून बसतो.

मग उलट विचार केला. शर्यत नेमकी कुठे असेल याचा अंदाज बांधून ती फट मुद्दाम रुंद करायची. ड्रायव्हर पहिल्यापासून वाचला, तीन वर्षांनी. प्रोबमध्ये आम्ही एक डिलेड वर्क (थोड्या वेळाने चालायचं काम) लावतो. ते दर अर्ध्या सेकंदाने मायक्रोकंट्रोलरला तापमान विचारतं आणि शेवटी स्वतःलाच पुन्हा रांगेत लावतं. पहिली खेप मात्र लांब असते: फर्मवेअरची आवृत्ती, कॅलिब्रेशनचे तक्ते, असं बरंच वाचायचं असतं, दीड-दोन सेकंद सहज जातात. बूटला डॉक नेमका तेवढ्यातच जातो.

त्या वर्कमध्ये, उत्तराची वाट बघून झाल्यावर, ३०० मिलिसेकंदांची झोप घातली. पहिल्याच बूटला केसॅन बोललं:

स्लॅब यूज आफ्टर फ्री (मोकळी केलेली जागा पुन्हा वापरली). चार बाइटांचं लिखाण. लिहिणारा: केवर्कर (रांगेतली कामं करणारा कर्नलचा धागा), आमच्या वर्कच्या आतून. जागा मोकळी करणारा: पीसीआय हॉटप्लगचा धागा, तिथून यूएसबी कंट्रोलर काढला गेला, तिथून आमचं डिस्कनेक्ट, तिथून केफ्री (जागा मोकळी करणारं फंक्शन).

उद्या दोन्ही पालख्या हडपसरवरून पुढे जाणार, ऑफिसचा रस्ता बंद असेल. लॅपटॉप, डॉक आणि चार्जर पिशवीत घालून घरी आणलंय.

मंगळवार, २ जुलै

घरून काम. चूक आता पूर्ण समजली, नीट लिहून ठेवते.

आमच्या डिस्कनेक्टमध्ये 'कॅन्सल डिलेड वर्क' होतं, शेवटी 'सिंक' नसलेलं. ते फक्त रांगेत थांबलेलं काम काढतं. जे काम त्या क्षणी चालू आहे त्याच्यासाठी ते थांबत नाही. बोगदा पडतो तेव्हा आमचं वर्क मायक्रोकंट्रोलरच्या उत्तराची वाट बघत अडकलेलं असतं, आणि उत्तर कधीच येणार नसतं, कारण मधला कंट्रोलरच नाहीसा झालेला असतो. तिकडे डिस्कनेक्ट पुढे जातं, आमचं स्ट्रक्चर (ड्रायव्हरची सगळी माहिती ठेवलेली जागा) केफ्री करून मोकळं होतं. मग इकडे वाट बघणं संपतं, वर्क जागं होतं, एररचा आकडा त्या स्ट्रक्चरमध्ये लिहितं (हेच ते चार बाइट) आणि सवयीने स्वतःला पुन्हा रांगेत लावतं.

सगळ्यात वाईट ही शेवटची पायरी. डिलेड वर्कच्या पोटात एक टायमर असतो. तो मोकळ्या झालेल्या जागेत बसून कर्नलच्या टायमरच्या यादीत अडकतो. अर्ध्या सेकंदात ती जागा केमॅलॉक दुसऱ्या कुणाला देतो: साउंडला, फाइलसिस्टिमला, ज्याला २५६ बाइटांपर्यंतची जागा हवी असेल त्याला. तो आपला डेटा भरतो, टायमरची वेळ होते, आणि कर्नल तिथे फंक्शनचा पत्ता समजून भलतंच काही उचलतो. सात लॉगचे सात वेगवेगळे मृत्यू यातून सुटतात, त्या वेळी धागा न लागलेले दोनसुद्धा. शर्यत बहुधा दर बूटला होत होती. दिसायची फक्त तेव्हा, जेव्हा ती जागा वेळेत दुसऱ्या कुणाकडे गेली.

दुरुस्ती: आधी यूआरबी (यूएसबीवर पाठवलेली मागणी) थांबवायचा, मग 'कॅन्सल डिलेड वर्क सिंक', मग केफ्री. सिंक असलं की चालू काम संपेपर्यंत थांबतं, आणि कामाने स्वतःला पुन्हा रांगेत लावायचा प्रयत्न केला तर तोही हाणून पाडतं. झोप काढून टाकली, साधा कर्नल लावला, बूट सुरू केले. खाली रस्त्यावर संध्याकाळपर्यंत टाळमृदंग चालू होते, वर टेबलावर तो पांढरा दिवा लागत-विझत होता. रात्री अकरापर्यंत ३०० बूट, सगळे नीट.

बुधवार, ३ जुलै

पहाटे ३४१ व्या बूटला पडलं.

लॉग पुन्हा टायमरचाच. पहिली दुरुस्ती चुकीची नाही, पण कुणीतरी अजून मेलेल्या जागेत शिरतंय. आज मन लागत नव्हतं, हेही लिहून ठेवते. ३०० ला थांबले असते तर हे ग्राहकाच्या मशीनवर गेलं असतं.

गुरुवार, ४ जुलै

सापडलं. तापमान दाखवायला आम्ही एचडब्ल्यूमॉनची (असे आकडे फाइलरूपाने दाखवणारी कर्नलची सोय) नोंदणी करतो, ती 'डेव्हएम' प्रकारातली आहे. डेव्हएमच्या गोष्टी कर्नल आपणहून आवरतो, पण केव्हा? आमचं डिस्कनेक्ट परतल्यानंतर. स्ट्रक्चर मात्र आम्ही डिस्कनेक्टच्या आतच हाताने केफ्री करतो. म्हणजे मधल्या क्षणात तापमानाची फाइल अजून जिवंत आहे आणि तिच्या मागचं स्ट्रक्चर मेलेलं आहे. त्याच क्षणी कुणी ती फाइल वाचली तर आमचा कोड मेलेल्या जागेला हात लावतो. वर आम्ही त्यात एक सोय केलेली: आकडा शिळा असेल तर वर्क लगेच रांगेत लाव. ती सोय कॅन्सल होऊन गेल्यावरही काम रांगेत लावू शकते.

आणि ती फाइल बूटच्या वेळी वाचतं कोण, तर आमचीच देखरेखीची सेवा, चालू झाल्यापासून दर सेकंदाला.

अंदाज पडताळायला केसॅनच्या कर्नलवर तीन शेल उघडून तिन्हींत ती फाइल अखंड वाचत ठेवली आणि डॉक उपटला. चौथ्या वेळी केसॅनचा अहवाल आला, वाचणारा धागा 'कॅट'चा (फाइल वाचून दाखवणारी कमांड).

डेव्हएमने काम सोपं होतं म्हणून आम्ही ते घेतलं होतं, पण अर्धं डेव्हएम आणि अर्धं हाताने हे मिश्रण धोक्याचं आहे. आता नोंदणीसुद्धा हातानेच करतो आणि डिस्कनेक्टमध्ये सगळ्यात आधी ती काढतो. काढणारं फंक्शन आत असलेला वाचक बाहेर पडेपर्यंत थांबतं, नंतर कुणाला आत सोडत नाही. त्यानंतर यूआरबी, त्यानंतर वर्क, सगळ्यात शेवटी केफ्री. प्रोब जसं चढतं त्याच्या बरोबर उलट.

शुक्रवार, ५ जुलै

पॅच टीममध्ये वाचायला दिला. बदल ११ ओळींचा, सोबतचं वर्णन ४० ओळींचं. त्यात केसॅनचे दोन्ही अहवाल, मोजलेले बूट, आणि थंडरबोल्टच्या बदलात दोष नाही हे वाक्य स्पष्ट घातलंय. टीममधल्या नव्या मुलाने विचारलं, "ताई, 'फिक्सेस'च्या ओळीत कुठला बदल लिहायचा?" त्या ओळीत चूक ज्या बदलाने आली तो लिहायचा असतो. म्हणजे बायसेक्टने दाखवलेला नाही, आमच्या ड्रायव्हरचा पहिलाच कमिट. तीन वर्षांपूर्वीचा, माझ्या सहीचा.

सोमवार, ८ जुलै

शुक्रवार संध्याकाळपासून दोन मशीनवर मिळून २,००० बूट झाले. केसॅनच्या कर्नलवर, तीन वाचक चालू ठेवून, काकांनी आणि मी मिळून १५० वेळा डॉक उपटला. दोन्हींत एकदाही काही नाही.

जुन्या तक्रारींची यादी चाळली. डॉक काढताना मशीन थिजलं अशा दोन तक्रारी होत्या, दोन्ही 'पुन्हा घडवता आलं नाही' या शेऱ्याने बंद केलेल्या, एक माझ्या हातून. दोन्ही आज परत उघडल्या. त्या दोघांना नवा ड्रायव्हर पाठवलाय, आणि तेव्हाचा लॉग अजून ठेवला असेल तर पाठवा म्हणून लिहिलंय.

आमच्या दुसऱ्या ड्रायव्हरमध्ये, कार्ड रीडरच्या, तसंच सिंक नसलेलं कॅन्सल दिसलं. उद्या त्याला घेते.